दुखणं ओसरलं आणि पाय उठेनात

चिकनगुनियात माणूस अंथरुणातून उठत नाही, याचं कुणाला नवल वाटत नाही. ताप काही दिवसांत उतरतो, अंगावरचं पुरळ मावळतं, पण घोटे, मनगटं आणि बोटांची पेरं धरून बसतात ती कधीकधी महिनोन्‌महिने. आमच्या घरात माझ्याआधी नवऱ्याला होऊन गेला होता आणि तोही बरेच दिवस भिंत धरून चालत होता. त्यामुळे मीही भिंत धरून चालू लागले, तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पुढचं सगळं लपून राहिलं ते याच आडोशाने.

खरं तर दुखणं कमी होत होतं. सकाळी मूठ वळायला लागली होती, घोट्यांची सूज उतरली होती. नेमक्या त्याच दिवसांत पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. दोन्ही पायांना एकाच वेळी, अगदी सारख्या. मग तळव्यांना, मग हाताच्या बोटांच्या टोकांना. पायातून चप्पल निसटून मागे राहिली आहे, हे मुलगी ओरडायची तेव्हा कळायचं. जिना चढताना कठडा धरून हातांनीच स्वतःला वर ओढावं लागे. आणि रात्री कंबरेत, मांड्यांच्या मागच्या बाजूला एक खोल कळ यायची. सांध्यांच्या दुखण्याशी तिचं काही नातं नव्हतं. शेकून, कूस बदलून, गोळी घेऊन ती हलत नसे.

सांधा दुखतो म्हणून पाय न उचलणारा माणूस आणि पाय उचललाच जात नाही असा माणूस, बाहेरून दोघं सारखेच दिसतात. आतून मात्र फरक कळतो. पहिल्यात शरीर नको म्हणतं, दुसऱ्यात ते ऐकतच नाही. हा फरक मी डॉक्टरांना सांगायचा प्रयत्न केला, पण मला तेव्हा तो नीट मांडता आला नाही आणि त्यांनी त्या महिन्यात माझ्यासारखे लंगडणारे पेशंट रांगेने पाहिले होते. तापानंतरचा अशक्तपणा, विश्रांती घ्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या. मला त्यांचा राग नाही. चिकनगुनियाच्या मागोमाग मला मज्जातंतूंचा एक वेगळाच आजार सुरू झाला होता, गियाँ-बारे सिंड्रोम नावाचा, आणि तो वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. त्यांनी आयुष्यात किती पाहिले असतील?

मग एका सकाळी मला कमोडवरून उठता येईना. ताई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. तिने काखेत हात घालून उचललं आणि म्हणाली, "अगं, काल तू आपली आपण उठत होतीस." डॉक्टरकीचा गंधही नसलेल्या माझ्या बहिणीने कामाचं जे होतं ते एका वाक्यात पकडलं. चिकनगुनियाचं दुखणं आज थोडं जास्त, उद्या थोडं कमी असं हेलकावे खातं. हे एकाच दिशेने चाललं होतं, खालून वर, आणि रोज.

कॅज्युअल्टीत पहिली भेटली ती एक तरुण निवासी डॉक्टर. ऑक्सिजन ९८ दिसत होता म्हणून नवरा सैलावला, पण तिने त्या आकड्याकडे फारसं पाहिलं नाही. रबरी हातोडी काढली. गुडघ्याखाली मारली, पाय हलला नाही. दुसरा पाय, तेच. घोटे, तेच. मग मला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितली आणि पुन्हा मारून पाहिलं. काही नाही. त्यानंतर म्हणाली, "खोल श्वास घ्या आणि एका दमात जितके आकडे मोजता येतील तितके मोठ्याने मोजा." मी २५ पर्यंत पोचले. तिने तो आकडा वेळेसकट केसपेपरवर लिहिला. ऑक्सिजन चांगला आहे ना, असं नवऱ्याने विचारल्यावर तिने सांगितलं की श्वासाचे स्नायू थकत आले तरी तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसत राहतो. तो पडेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

तिने प्रश्न विचारले ते मला तेव्हा विस्कळीत वाटले. लघवी अडते का? छातीवर किंवा पोटावर एखादी अशी रेघ आहे का, जिच्याखाली स्पर्श कळत नाही? झोप जास्त येते का, फिट आली होती का, बोलण्यात गोंधळ? नजर कमी झाली का? जुलाब झाले होते का? रक्तातलं पोटॅशियम तिने ताबडतोब पाठवलं, कारण ते खूप घसरलं तरी हातपाय लुळे पडतात आणि डेंग्यूनंतर तसं झालेले पेशंट असतात.

पुढे बरं वाटू लागल्यावर न्यूरोलॉजिस्टनी हे सगळं समजावलं. डासांतून येणारे विषाणू मज्जासंस्थेला दोन तऱ्हांनी गाठतात. एक म्हणजे विषाणू स्वतः आत शिरतो. जपानी मेंदूज्वर हे याचं ठळक उदाहरण. वेस्ट नाईलचा विषाणू काही जणांच्या मज्जारज्जूतल्या पेशींवरच बसतो आणि पोलिओसारखा लुळेपणा येतो. दुसरी तऱ्हा म्हणजे विषाणू येऊन जातो, त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती मात्र थांबत नाही आणि आपल्याच नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, चालून जाते. चिकनगुनियात या दोन्ही तऱ्हा दिसतात. मेंदूला सूज येऊ शकते, विशेषतः बाळंतपणाच्या वेळी आईकडून लागण झालेल्या नवजात बाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना. मज्जारज्जूला येऊ शकते, तेव्हा ती अंगावरची रेघ सापडते आणि लघवी अडते. डोळ्याच्या नसेला येऊ शकते. किंवा मेंदू आणि मज्जारज्जू शाबूत राहून त्यांच्या बाहेर हातापायांकडे जाणाऱ्या नसाच सोलवटून निघतात. माझं हे शेवटचं होतं. गियाँ-बारे सिंड्रोम, सगळे जीबीएस म्हणतात ते.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये चिकनगुनियाची जी साथ आली, तिच्यात पावणेआठ लाखांच्या आसपासच्या वस्तीत अडीच लाखांहून जास्त लोकांना लागण झाली. एरवी विरळा असलेल्या गुंतागुंती इतक्या मोठ्या आकड्यात नजरेला पडल्या आणि सांध्यांचा म्हणून ओळखला जाणारा हा ताप मेंदू-मज्जातंतूंनाही लागतो, हे डॉक्टरांना दुर्लक्षिता येईना. झिकाचंही तसंच. युगांडातल्या जंगलात १९४७ साली एका माकडात सापडलेला तो विषाणू कित्येक दशकं किरकोळ समजला जात होता. २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात त्याची साथ आली आणि त्या चिमुकल्या बेटांवर जीबीएसचे ४२ पेशंट झाले, तेव्हा तो किरकोळ नाही हे दिसू लागलं. एकूण जीबीएसच्या पेशंटांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांना आधीच्या काही आठवड्यांत कसला तरी संसर्ग होऊन गेलेला असतो. बहुतेकदा तो पोटाचा किंवा श्वसनाचा असतो. माझ्या बाबतीत डास.

तपासण्यांपैकी मला आधी भीती वाटली ती पाठीतलं पाणी काढण्याची आणि त्रास झाला तो दुसरीचाच. पाणी काढायची सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू नसतोच, तो बराच वर संपलेला असतो. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजवलं, भूल दिली, थोडा दाब जाणवला, संपलं. नर्व्ह कंडक्शनच्या तपासणीत मात्र हातापायांवर ठिकठिकाणी विजेचे छोटे झटके देतात आणि नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. धडधाकट माणसाच्या हातात तो सेकंदाला ५० मीटरच्या आसपास पळतो. माझ्या आधीच ठणकणाऱ्या पायांवर ते झटके म्हणजे छळ होता. टेक्निशियन दर झटक्याआधी "आता" म्हणायचा. त्याने ते म्हणू नये असं मला वाटायचं.

पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. घरच्यांना हायसं वाटलं. नवऱ्याने तर बाहेर जाऊन दोन-चार जणांना फोनही केले. न्यूरोलॉजिस्टनी शांतपणे सांगितलं की याने काही बदलत नाही. या आजारात पाण्यातलं प्रथिन वाढतं आणि पेशी मात्र वाढत नाहीत, ही जोडी १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तिघा फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये नोंदवली होती. पण पहिल्या आठवड्यात अनेकांचं प्रथिन अजून चढलेलंच नसतं. उलट पेशी फार वाढलेल्या निघाल्या असत्या तर निदानाबद्दल शंका घ्यावी लागली असती. रक्तात चिकनगुनियाची आयजीएम अँटिबॉडी, म्हणजे नुकत्याच होऊन गेलेल्या संसर्गाची खूण, सापडली. विषाणू स्वतः सापडला नाही, आणि सापडायची अपेक्षाही नव्हती. तो पहिल्या आठवड्याभरातच रक्तातून गेलेला असतो. म्हणजे मला पाडणारा केव्हाच निघून गेला होता. नातेवाइकांना हे पटवणं सर्वांत अवघड गेलं. मग विषाणू मारायचं औषध का देत नाहीत, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की शेवटी ताईच दारात उभी राहून उत्तर देऊ लागली.

औषधं दोनच, आणि दोन्ही सारखीच गुणकारी. एक, रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा पातळ भाग, यंत्राने काढून बदलत राहायचा. १९८५ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध झाला. दुसरं, हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडी, शिरेतून सोडायचं, ज्याची प्लाझ्मा बदलण्याशी बरोबरी १९९२ मध्ये डच डॉक्टरांनी दाखवली. मला हे दुसरं मिळालं. किलोमागे ०.४ ग्रॅम, रोज, पाच दिवस. स्टिरॉइडचा या आजारात उपयोग होत नाही, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं, कारण सूज म्हटली की स्टिरॉइड असं आपण धरूनच चालतो. ओळखीतल्या एकांनी तर फोनवरून त्याचा आग्रहच धरला होता.

आणि पाचही दिवस माझी तब्येत बिघडत गेली.

हे आधी कुणी नीट सांगितलेलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. औषध सुरू झालं की माणूस वर येईल अशी आपली समजूत असते. या औषधाचं काम चढाई थांबवण्याचं. झालेली पडझड भरून काढणं त्याच्या हातात नाही. चढाई थांबायलाही वेळ लागतो. बहुतेक पेशंट पहिल्या लक्षणापासून दोन आठवड्यांच्या आत तळाला पोचतात, जवळजवळ सगळे चार आठवड्यांत. तोवर इम्युनोग्लोब्युलिन चालू असतानाही माणूस खाली जात राहू शकतो आणि त्याचा अर्थ औषध फसलं असा होत नाही. नवऱ्याने दुसऱ्यांदा कोर्स देण्याबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले की ते करून पाहिलं गेलं आहे. २०२१ मध्ये त्या चाचणीचे निकाल आले, फायदा दिसला नाही आणि रक्ताच्या गुठळ्यांसारखे धोके मात्र वाढले. मला तेव्हा हे उत्तर क्रूर वाटलं होतं. आज वाटतं, "करून बघू" म्हणणं त्यांना किती सोपं गेलं असतं.

आयसीयूत दर काही तासांनी मला मोजायला लावत. २५ चे २० झाले, मग १८. फुंकायचं यंत्रही होतं, पण तोवर चेहरा दोन्ही बाजूंनी उतरला होता. ओठ नळीभोवती आवळले जात नव्हते, हवा बाजूने निसटायची, म्हणून यंत्राचा आकडा खोटा पडायचा आणि माझी मोजणी खरी धरली जायची. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईचं सगळं आयुष्य वीसच्या आतल्या आकड्यांवर येऊन ठेपलं, हा विनोद मला तिथे सुचला होता, पण जीभ इतकी जड झाली होती की तो कुणाला सांगता आला नाही. १२ वर आल्यावर डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अजून खाली गेलं तर नळी घालून व्हेंटिलेटर लावू. धावपळीत लावण्यापेक्षा ठरवून लावलेला बरा. चार-पाच पेशंटांमागे एकाला तरी लागतोच. लावला म्हणजे हरलात असं नाही." मी मान हलवली. मान तेवढी अजून हलत होती.

या आजारात शुद्ध जात नाही. सगळं कळतं, सगळं ऐकू येतं. पायांवरची चादर सहन होत नव्हती. तिचं वजन नाही, नुसता स्पर्श जाळायचा, म्हणून पायांवर कमानीसारखी चौकट ठेवून चादर तिच्यावरून घालत. बधिर झालेल्या कातडीला एवढं दुखावं कसं, हे मला अजूनही विचित्र वाटतं. डोळे मिटत नव्हते. रात्री मलम घालून पापण्या चिकटपट्टीने बंद करत आणि मग मी अंधारात आवाजांवर दिवस ओळखायची. गिळताना ठसका लागायला लागल्यावर नाकातून नळी आली. पोटाच्या कातडीत रोज इंजेक्शन, पायांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून. रक्तदाब कारण नसताना १७० ला जायचा आणि उशाकडची बाजू उचलली की ९० वर यायचा. हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या बारीक नसाही याच तडाख्यात सापडतात. व्हेंटिलेटर चुकला तरी आयसीयूतून हलवत का नाहीत, याचं उत्तर बऱ्याचदा हे असतं.

रात्रपाळीच्या मावशी मला कुशीवर वळवायच्या आधी नेहमी सांगायच्या, "बाई, आता डावीकडे." इतर काही जण माझ्या अंगावरून एकमेकांशी गप्पा मारत मला उलटंपालटं करायचे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. न हलणारा, न बोलणारा माणूस झोपलेलाच असेल असं समोरच्याला वाटून जातं. ताईने एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरं आणि काही शब्द लिहून आणले: पाठ, डोळे, गरम, थुंकी, भीती. ती एकेकावर बोट ठेवायची, मी मान हलवायची. सर्वांत जास्त वेळा कुठला शब्द लागला? पाठ. भीतीवर बोट यायच्या आधीच ती पुढचा शब्द घ्यायची.

मग एकदा सकाळची मोजणी १२, दुपारची १२, रात्रीची १२. दुसऱ्या दिवशीही १२. डॉक्टर हसत आले. मला वाटलं काही सुधारलं आहे. काहीच सुधारलं नव्हतं, आणि त्यांना हसू आलं ते त्याचंच. तळ लागला होता.

वर येणं खालून सुरू होत नाही. जिथे शेवटी पोचलं होतं, तिथे आधी सुटलं. गिळणं, आवाज, श्वास. मग खांदे, मग मांड्या. पाऊल आणि पायाची बोटं सगळ्यांत शेवटी, कारण तिथल्या नसा सर्वांत लांब. याचा हिशेब मी अंथरुणातच केला. नसेचं नुसतं वेष्टण गेलं असेल तर ते काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा चढतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कंबरेपासून पावलापर्यंत मीटरभर अंतर धरलं तर एक हजार दिवस. माझ्या रिपोर्टात दोन्ही प्रकार होते, वेष्टणाचं नुकसान जास्त, तंतूंचं थोडं. फिजिओथेरपिस्टला हा हिशेब सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, हे गणित पेशंटने करायचं नसतं." पण मला त्याने बरं वाटलं होतं. एक हजार हा मोठा असला तरी आकडा आहे, आणि "बघू" हा नाही.

फिजिओथेरपीत आधी तिरपं होणाऱ्या टेबलावर पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करतात, कारण इतके दिवस आडवं राहिलेलं शरीर एकदम उभं केलं तर चक्कर येते. मग पलंगाच्या कडेला बसणं. मग उठणं, मग समांतर दांड्या धरून पाऊल टाकणं. इथे चिकनगुनिया परत हजर झाला. पायांच्या ताकदीची उणीव भरून काढायला वॉकरवर हातांनी भार द्यायचा, आणि मनगटं तर त्या तापानेच सुजलेली. बोटांना वॉकरचा दांडा धरवेना. जीबीएसच्या इतर पेशंटांना जो आधार सहज मिळतो तो मला मनगटांनी नाकारला. शेवटी कोपरापासून पुढचा हात टेकवता येईल असे आधार वॉकरला बसवले आणि भार मनगटांवरून कोपरांवर गेला. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, फिजिओथेरपिस्टनेच शोधलं. दोन आजारांचे डॉक्टर वेगळे, औषधं वेगळी, आणि दोघांच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडे बघणारा माणूस तो एकटाच होता.

पाऊल उचललं जात नव्हतं, बोटं जमिनीला घासत, म्हणून घोट्याला प्लास्टिकची पट्टी मिळाली. बुटात बसते, वरून दिसत नाही. ती घालून मी पहिल्यांदा आधाराशिवाय चालले तेव्हा मुलगी रडली आणि मला फक्त वळायचं कसं याची काळजी लागली होती.

सर्वांत जास्त गैरसमज थकव्याबद्दल झाले. चांगला दिवस असला की मी दुप्पट व्यायाम करायची आणि पुढचे दोन दिवस हात वर जात नसे. स्नायू कमी नसांवर चालत असतात, त्यांना दमवून जास्त बळ येत नाही. थांबायचं ते दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी, हे मला शिकावं लागलं आणि भेटायला येणाऱ्यांना ते आळशीपणासारखं दिसलं. "मनात आणलं तर होईल," हे वाक्य ज्याने ज्याने उच्चारलं तो माणूस प्रेमानेच बोलत होता. तरीही मला ते वाक्य आवडत नाही. मी जेवढं मनात आणत होते तेवढं आयुष्यात कधी आणलं नव्हतं; अडलं होतं ते मनाच्या पुढे, वाटेत.

डासांची भीती मात्र आली ती गेली नाही. चिकनगुनिया एकदा झाला की सहसा परत होत नाही, हे मला माहीत आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि झिका वेगळा, हेही माहीत आहे. तिन्ही पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याच्या अंड्यांना कोरडं पडलं तरी महिनोन्‌महिने काही होत नाही. त्यामुळे मी पाण्याची भांडी नुसती ओतत नाही, आतून घासते. घरात यावरून माझी थट्टा होते. होऊ दे.

शाळेत परतले तेव्हा आधी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहायची. हात खांद्याच्या वर नेऊन तसाच धरून ठेवणं हे चालण्यापेक्षा कठीण असतं, हे मला आधी खरं वाटलं नसतं. मुलांनी दोन दिवसांत ते हेरलं आणि वरचा भाग ती स्वतः लिहू लागली. आकडे वाकडेतिकडे यायचे. मी खोडायला सांगितलं नाही. आता पूर्ण फळा लिहिते, पण तास संपता संपता हात थरथरतो. पायाच्या बोटांना अजून स्पर्श पुरता कळत नाही. अंधारात चालताना तोल जातो, कारण पाय कुठे पडला ते डोळ्यांनी बघावं लागतं. सहा महिन्यांत साधारण ८० टक्के पेशंट आधाराशिवाय चालू लागतात, असं सांगतात. मी त्यांच्यात धरली जाते. चालणं म्हणजे सगळं परत येणं नव्हे, पण त्या आकड्यात एवढं मावत नाही.

गेल्या तपासणीत न्यूरोलॉजिस्टनी पुन्हा हातोडी मारली. गुडघ्यांनी प्रतिसाद दिला, घोट्यांनी नाही. मी नर्व्ह कंडक्शन परत करायचं का विचारलं. ते म्हणाले, "कशाला? तुम्ही चालताय. रिपोर्ट वाईट आला तरी मी काही बदलणार नाही." घोट्याची ती उडी कधीच परत येणार नाही असंही होऊ शकतं, आणि त्याने काही बिघडत नाही. फ्लूची लस घ्यायला हरकत नाही म्हणाले, कारण माझा आजार लशीनंतर आलेला नव्हता. परत होतो का, या प्रश्नाला त्यांनी शंभरात दोन ते पाच जणांना होतो असं उत्तर दिलं. मग ताप आला तर काय करायचं ते विचारलं. "तापाचं जे करतात ते. दोन्ही पायांना सारख्या मुंग्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी वर सरकल्या, तर दवाखाना शोधत बसू नका, जिथे व्हेंटिलेटर आहे तिथे थेट या. नुसते सांधे दुखले तर माझ्याकडे येऊ नका, मी त्याचा डॉक्टर नाही."